गिरणेकाठी दिलेला शब्द

दहाव्याच्या दिवशी गिरणेच्या काठावर माझ्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर ढीगभर बसलेले, पण खाली एकही उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या. माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, हात जोडून सुरू केलं: शेताचं मी बघतो, पोराचं लग्न थाटात करू. मला संताप आला. ज्या माणसाने जन्मात शेताकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याचा जीव शेतात कशाला अडकेल?

त्यांचा जीव पाखरांत. पाचोऱ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी, आणि रविवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून धरणावर. मी म्हणायची, बायकोकडे कधी एवढं टक लावून पाहिलंत का? ते हसायचे. कपाटाच्या दाराला आतून एका पोपटाचं चित्र चिकटवलेलं. हिरवा, निळ्या तोंडाचा. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅरिबियनमधल्या एका बेटावरच राहतो म्हणे. "रिटायर झालो की आपले तठे जानं शे," हे तिथे जायचं पालुपद मी इतक्यांदा ऐकलं होतं की भाजी चिरताना मानही वर करत नसे. निवृत्तीच्या आधीच छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

तर आबांचं चाललेलं असताना माझा मुलगा पुढे झाला. म्हणाला, "पप्पा, आईला मी त्या बेटावर नेतो." लगेच एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. बायका रडल्या. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं नाही. एवढी कसली घाई यांना मला सोडून जायची, असं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मुलाने शब्द पाळला. बेट सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू. डोंगरभर ओलं रान, खाली समुद्र, आणि रस्त्याच्या कडेला केळीच केळी, अगदी रावेर-यावलला आल्यासारखं. पहिल्याच सकाळी मी वाटाड्याला विचारायला लावलं, कावळा कुठे दिसेल? मुलाने ओशाळत इंग्रजीत विचारलं. वाटाड्या हसला. या बेटावर कावळे नाहीत म्हणाला, पोपट दाखवतो ना.

कावळे नाहीत. मग इथे त्यांनी मला काही कळवायचं तरी कसं?

शेवटच्या दिवशी सकाळी रानात चढलो. त्यांची दुर्बीण माझ्या गळ्यात होती. वर झाडात कर्कश ओरडणं झालं आणि वाटाड्याने बोट दाखवलं. मुलगा कुजबुजला, "आई, वर बघ. तोच." मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"दिसला?"

"नाही."

"अगं, समोर बसलाय, त्या वाळक्या फांदीवर."

"बसू दे. मी बघणार नाही." दुर्बीण मी तशीच धरून ठेवली. "तुझ्या पप्पांचं एवढंच राहिलंय रे. तेही झालं, तर ते मागे थांबतील कशासाठी?"

वर पंख फडफडले, मग पानांवरून पाणी ठिबकत राहिलं. मी डोळे उघडले तेव्हा मुलगा झाडाकडे पाठ करून, खाली जमिनीकडे बघत उभा होता.

"मी पण नाही बघितला," म्हणाला.