अर्शीच्या मापाची सायकल

लातुरात हल्ली सायकल घ्यायची म्हणजे खोक्यातून काढायची, हँडल सरळ करायचं आणि निघायचं. अशा गावात ताहेरभाई घराच्या अंगणात, पत्र्याखाली बसून सुट्या पाइपांपासून सायकल बनवतो हे ऐकून लोक हसतात. हसू देत. कारखान्याने ज्यांचा विचारच केला नाही अशी माणसं त्याच्याकडे येतात. कुणी फार बुटकं, कुणाचा एक हात अधू. ताहेरभाई आधी दोरीने माणूस मोजतो, मग पाइपाला आरी लावतो. शिंप्याने कपडा शिवावा तशी सायकल.

दोरीवर त्याचा फारसा भरवसा मात्र कधीच नव्हता. फ्रेम जुळवताना तो मुलीला हाक मारायचा, "अर्शी, जरा उभी राहा गं." ती फ्रेमशेजारी उभी राहिली की गिऱ्हाईक तिच्यापेक्षा किती बुटकं, किती उंच, याचा अंदाज घेऊन तो पाइप कापायचा. अर्शी बापावर गेलेली, चांगली उंचेली. "अब्बा, मी पोरगी हाय का मोजपट्टी?" असं कुरकुरत यायची आणि हातातला मोबाइल न सोडता उभी राहायची. गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. साधाच ताप, साधाच ताप म्हणता म्हणता पोरगी हातची गेली.

त्यानंतर अंगणात जे सुरू झालं त्याबद्दल नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. भर दुपारी, गल्ली निपचित पडलेली असताना, उभ्या सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायची. कुणी रिकामं पायडल उलटं फिरवावं तशी. अर्शीला ती खोड होती. साबेरा आत भाकरी थापता थापता थांबायची, बाहेर ताहेरची कानस थांबायची. मांजर असेल, वारा असेल. कुणीच उठून बघायला जात नसे, कारण बघितलं असतं तर मांजरच दिसलं असतं.

सिंधुताई आली ती उन्हाळ्यात; अर्शी गेल्यापासून नव्या सायकलचं पहिलंच गिऱ्हाईक. शेतकऱ्याघरची बाई, शहराच्या कडेला एका शाळेत खिचडी शिजवायचं काम करायची. अंगाने ठेंगणी, डावा पाय लहानपणापासून आखूड. शेतातल्या घरापासून शाळेपर्यंत चालताना तिची कंबर मोडून जायची. "शाळा उघडायच्या आत द्या भाई," एवढंच ती म्हणाली. ताहेरने दोरी धरून माप घेतलं, गाठी मारल्या, डाव्या पायडलवर लाकडी ठोकळा बसवायचं ठरवलं. कामात कसूर केली नाही. चाकं फिरताना डगमगू नयेत म्हणून त्यांचा आऊट काढला, छर्रे ग्रीसमध्ये बसवले, पितळाने जोडलेले सांधे घासून गुळगुळीत केले.

सिंधुताई बसायला गेली, तर तिचा पाय दांडीवरून पलीकडे जाईना. ताहेर ओशाळला. "चुकलं ताई, दुसरी करतो." त्याने फ्रेम कापून नवी जुळवली. ती परत आली. या वेळी कशीबशी चढली आणि दोन्ही पाय अधांतरी लोंबत राहिले. दोरीच्या गाठी जिथल्या तिथे होत्या. ऐन कापायच्या वेळी ताहेरचा हात आपोआप वर सरकला होता.

सिंधुताई चिडली असती तर बरं झालं असतं. ती फ्रेमवरून हात फिरवत म्हणाली, "सायकल लई चांगली हाय भाई. कुण्या उंच पोरीसाठी केल्यासारखी दिसायली. तिची तिला देऊन टाका, माझी मागून करा."

साबेरा दारात उभी होती. तिला पहिल्या फ्रेमपासूनच कळलं होतं. पोरीची कंबर जिथे यायची, सीट बरोबर तिथे होती.

"अर्शीचे अब्बा," ती हळूच म्हणाली. अजूनही ती त्याला अशीच हाक मारायची. "सोडा आता ते माप. ह्या ताईला कामावर जायचं हाय."

"सोडून कुठं ठेवू?" ताहेर म्हणाला. "तिचे कपडे देऊन टाकले. चेहरा फोटोत हाय. उंची तेवढी माझ्या हातात राहिली. दुसऱ्याचं माप हातात बसलं की तीबी जाईल."

सिंधुताईला सगळं समजलं नाही, पण या घरातून कुणी तरी गेलंय एवढं समजलं. ती लंगडत आली आणि फ्रेमशेजारी, नेमकी अर्शीच्या जागी उभी राहिली. "मी थांबते भाई. मला बघून कापा."

ताहेरला वाटलं, तिथून कुणी तरी बाजूला सरकलं. ती जागा रिकामी नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं त्याला. पण समोर घामाने भिजलेली, एका पायावर भार टाकून ताटकळलेली जिवंत बाई होती. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पाइपाला आरी लावली. आरी चालत होती तोवर तो रडत होता. डोळे पुसायला थांबला असता, तर हात पुन्हा वर गेला असता.

शाळा उघडायच्या आधी सायकल तयार झाली. सिंधुताईने जमिनीला पाय टेकवून पाहिला, डावा पाय ठोकळ्यावर ठेवला आणि लोकांच्या ओट्यांना आपटता आपटता वाचत गल्लीतून निघून गेली. वळणावर ती मोठ्याने हसली, ते इथवर ऐकू आलं. ताहेरलाही हसू फुटलं. मग अंगण गप्प झालं आणि दुपारभर गप्पच राहिलं, फ्रीव्हीलची टिकटिकही आली नाही.

संध्याकाळी त्याने साबेराला विचारलं, "अर्शी माझ्या इथपर्यंत यायची, न्हाई का?" त्याने हात आपल्या कानापाशी धरला होता.

साबेराने जवळ येऊन आपला हात त्याच्या खांद्याशी धरला. "न्हाई हो. इथपर्यंत."

दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. ताहेरने हात जरासा खाली आणला, साबेराने जरासा वर नेला. तरी ते एका जागी आले नाहीत.