वजीर हाय बघा, सायेब

निरवांगीचे तात्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचे, ते घराच्या बरोबर मधोमध बसवायचे आणि मग मिशीवरून हात फिरवायचे. आपलं घड्याळ थांबवून समोरच्याचं चालू करायचं बटण त्यानंतर. तीन मिनिटांच्या डावात! मी समोर बसून दातओठ खायचे.

दर रविवारी ते मोपेडवरून आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत खेळायला यायचे. "तात्या, घड्याळ," एवढंच मी म्हणायचे. त्याहून जास्त बोलणं मला कुणाशीच जमत नसे.

"व्हय की बाय. ते काय पळून चाललंय?"

चाललेलंच असायचं.

त्यांची खरी खोड पुढेच होती. समोरच्याचा वजीर माऱ्यात आला की ते आधी सांगायचे, "वजीर हाय बघा." आणि त्यानं मान डोलावल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. गावच्या पारावर तसाच रिवाज, म्हणे.

बारामतीच्या स्पर्धेत दोघांचा संघ लागायचा. कॉलनीत दुसरं कुणी तयार होईना, म्हणून माझे जोडीदार तात्या. अंतिम फेरीत मी माझा डाव जिंकला. तात्यांनी नुसती बरोबरी केली तरी कप आमचा. हरले तर आधीच्या गुणांवर तो समोरच्यांचा. तात्यांचा घोडा बारामतीच्या एका इंजिनिअरच्या वजिरावर चालून गेला. त्या गृहस्थांचं लक्षच नव्हतं.

"वजीर हाय बघा, सायेब."

पंचांनी डोळे वटारले. साहेब पटात बुडालेले. तात्या त्यांच्या मानेकडे बघत बसले, आणि चाललेलं घड्याळ तात्यांचं. मला ओरडता येत नव्हतं; नियमही आड येत होता आणि स्वभावही. वेळ संपली.

परतीच्या एसटीत मात्र मी ओरडले. "तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये असं कुणी सांगतं का, तात्या?"

"न सांगता घेतला असता तर त्यो म्हणला असता, नजर चुकली. आपुन जिकलो, आसं कोन म्हणलं असतं?"

"पण हरलो ना आपण!"

"हारलो की." त्यांनी भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. "खा. डोकं तापलंय तुजं."

मी घेतल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. यंदा नवी जोडीदार, पुन्हा अंतिम फेरी, आणि माझ्यासमोर तेच इंजिनिअर. कप आता आमच्या डावावर अडलेला. त्यांच्या घड्याळात मोजके सेकंद उरले होते. त्यांनी उंट सरकवला, बटणाकडे गेलेला हात मध्येच थांबवला आणि हळूच म्हणाले, "वजीर बघा, मॅडम."

मी बघितला. खरंच माऱ्यात होता. साहेब माझ्या मानेकडे बघत थांबले. त्यांचं घड्याळ पळत होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी कप आमचा होता, आणि गप्प बसणं मला जन्मापासून येतं.

तात्यांचा असा राग आला म्हणून सांगू!

मी मान डोलावली.