तू बस, एनेलेसी

मलावीतल्या झोंबा शहराच्या वाटेवरच्या त्या गावात मर्तिकाला न्सिमा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, ढवळू दिली नाही, तर बाईने समजून घ्यावं, आपण गावातून वजा झालो. माणूस गेलं की साऱ्या बायका अंगणात चुली मांडतात, हंड्यात मक्याचं पीठ ओततात आणि चाटू हातोहात फिरतो. वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्यासुद्धा तिथे खांद्याला खांदा लावतात.

एनेलेसीला एचआयव्ही आहे हे गावाला कळलं, तेव्हापासून तिच्या हाती चाटू आला नव्हता. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तिने सव्याज परत केल्या असत्या, बाजारात सुकी मासळी विकून तिची जीभ चांगली परजलेली होती. पण बायका गोड बोलायच्या आणि त्या गोडव्यानेच ती खचली. मक्याची कापणी झाली, तेव्हापासून तिने गोळ्या सोडल्या होत्या. कुणासाठी जगायचं, असं तिला खरोखरच वाटायला लागलं होतं.

गावप्रमुखाची बहीण वारली तेव्हाही तेच. एनेलेसी कमरेचं कापड घट्ट खोचून चुलीशी गेली, तर फेलेस्ता म्हणाली, "तू बस, एनेलेसी. उगाच धुरात कशाला दमतेस?"

मर्तिकाच्या चुलींवर राज्य मालिसेनी मावशीचं. म्हातारीने चाटू हंड्यात तसाच सोडला, कापडाची गाठ सोडून एक गोळी काढली आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर गिळली.

"मावशी, डोकं दुखतंय का?" फेलेस्ताने विचारलं.

"डोकं तुम्ही उठवलंय! एनेलेसीला जी गोळी, तीच ही. तुझ्या लग्नाआधीपासून खाते मी. तुझ्या आईच्या मर्तिकाला कुणी ढवळलं गं? दोनदा वाढून घेतलंस, तेव्हा नाही तुझं पोट दुखलं!"

मागे कुणीतरी फसकन हसलं. फेलेस्ताची मान खाली गेली. थोड्या वेळाने तिने सरपण बाजूला सारून चुलीशी जागा करून दिली.

मावशीने एनेलेसीच्या हाती चाटू दिला आणि हळूच विचारलं, "तुझ्या गोळ्या?"

"सोडल्यात."

"अक्कल गहाण टाकलीस काय? उद्या चल माझ्याबरोबर." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जाते गं. इतकी वर्षं, एकटीच."

एनेलेसी हंड्यातलं घट्ट पीठ जोर लावून ढवळत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने धुराच्या नावावर खपवलं.

"येते," ती म्हणाली, "पण मावशी, आपल्याच बाजारामागच्या दवाखान्यात जाऊ. आता कुणापासून लपायचं?"