धरणावरची भरती

धरणाच्या पाण्याला भरती येईल म्हणून मी सकाळचे चार तास गळ गुंडाळून बसून राहिलो.

मासेमारीच्या पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि खाडी पुराने गढूळ झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मागत होते ते फक्त ताज्या मासळीचं कालवण. रेवदंड्याच्या खाडीवर वाढलेला मी फुशारकीने म्हणालो, "आज आणतोच," आणि डोंगरापलीकडच्या धरणावर गेलो. खाडीत चढत्या पाण्याला मासा लागतो. पंचमी होती, म्हणजे पाणी दहाला चढू लागणार, एवढं मी बोटांवर मोजलं. समोर समुद्र नाही, हे मात्र डोक्यात आलं नाही.

नऊच्या सुमारास तिथला एक म्हातारा दोन चिलापी मासे घेऊन निघाला. "या दिवसांत उजाडताना लागतो तेवढाच मासा. तुमी गळ का नाय टाकला?"

"भरती लागू दे," मी म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा धरणाच्या पाण्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. त्याच्याकडे एक मासा मागावा, हेही मला सुचलं नाही.

दहानंतर टाकलेला गळ संध्याकाळपर्यंत हलला नाही. पाणीही हललं नाही, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

रिकाम्या हातांनी बाबांच्या उशाशी बसलो आणि सगळं खरं सांगितलं. पेजेची वाटी पुढे केली, तर त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे बघतच बोलले, "जन्मभर होडी हाकली, पन तुझ्या हातात कंदी दिली न्हाय. का ते आज समजला तुला?"