मी बरी आहे, अण्णा

माझा आवाज मुळातच खडा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडणारी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा सुपरवायझर मॅडमनी बजावलं: ऑपरेटरला राग नसतो, रडूही नसतं. लाइन खराब असली की एकाचं बोलणं आम्ही दुसऱ्याला सांगायचं, पण नुसते शब्द, सपाट आवाजात. नोकरी अजून कायम नव्हती आणि घर माझ्याच पगारावर चालत होतं, म्हणून मी मान डोलावली.

एका दुपारी चिकपेटमधल्या कापड दुकानदाराने सांगलीला लेकीच्या सासरी कॉल लावला. आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथला मराठी माणूस. लाइनवर नुसती खरखर. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं, त्यांना एकमेकांचं नाही.

"अक्का, स्वल्प, जरा तुम्हीच विचारा की तिला, बरी आहेस का म्हणून."

मी विचारलं. पलीकडे एक पुरुष खाकरला. मग ती म्हणाली, "मी बरी आहे, अण्णा." एवढंच. पण आवाज भेदरलेला, अडखळणारा, गळ्यातच दाबून धरलेला.

सपाट सांगितलं असतं तर बापाने "सरी, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला असता. नाही सांगितलं मी सपाट! ती जिथे अडखळली तिथेच मी अडखळले. पदरचा एक शब्द घातला नाही. दुकानदार म्हणाला, "आज रात्रीच्याच गाडीने निघतो मी."

पुढच्याच महिन्यात जावयाची तक्रार आली. ऑपरेटरने सासऱ्याला भडकवलं, तो येऊन बायकोला घेऊन गेला म्हणे. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. पुन्हा असं करणार नाही असं लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"शब्द तिचेच होते," मी म्हटलं. "आवाजही तिचाच होता. माझं काय चुकलं?"

"कशी बोललीस? बोलून दाखव."

दाखवलं, मराठीतच. मॅडम अँग्लो-इंडियन, त्यांना मराठीचा गंधही नव्हता. त्यांनी चष्मा काढला.

"कोण मारत होतं तिला?" त्यांनी विचारलं.

कागद मी कोराच परत दिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि मला स्विचबोर्डावर परत पाठवलं.