शेवंतीची छाटणी आणि माझं बोट

आता काय सांगू, हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागायचा!

पंच्याहत्तर साली मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून लग्न होऊन वडगाव रासाईला आले. मी अबोल. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येता-जाता म्हणायच्या, "आगं, बोल की कायतरी! तोंड म्हायेरी ठिवून आलीस व्हय?"

दिवाळी सरली, परसातली शेवंती सुकली. माझ्या वडिलांचा नियम असा, की फुलं सुकली की झाड बुडाशी छाटायचं; नवे फुटवे जोमानं येतात. इथं मात्र वाळकी फुलं तशीच! राहून गेलं असेल, म्हणून आत्याबाई गिरणीत गेल्या तशी मी विळा घेतला. कसली छाटणी म्हणता! सगळा वाफा गुळगुळीत!

आत्याबाई परतल्या. पिठाचा डबा डोक्यावर तसाच.

"आगं बाई! आता पांढरी कंची आन् पिवळी कंची?"

 दोन्ही मिसळून लावलेली, पाला सारखाच, आणि वाळकी फुलं हीच खूण! त्यात त्यांच्या बहिणीला, इनामगावच्या मावशींना, पांढरीचे फुटवे कबूल केलेले. दसऱ्याला, धम्मदीक्षेच्या दिवशी, विहारात पांढरी आरास करायची होती.

आणि मी, चार महिन्यांची मुकी, चक्क बोलले! "मला ठाऊक आहे. ही पांढरी. ही पिवळी. ही पांढरी…" एकेका बुंध्यावर बोट ठेवत गेले. ठाऊक? कसलं डोंबलाचं!

"बघा," आत्याबाई मामंजींना म्हणाल्या, "बोलत न्हाई, पर ध्यान केवढं!"

झालं! शेजारच्या काकू कळी न धरलेला गुलाब घेऊन आल्या. "ह्यो कंच्या रंगाचा गं?" मी म्हटलं, "लाल." आता माघार कशी घेणार?

मी बोट ठेवलेल्या 'पांढरी'चे वीस फुटवे इनामगावला गेले. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी हजर. डोक्यावर पाटी, पाटीत पिवळीधमक शेवंती! वीस झाडं, विसाच्या वीस पिवळी. एखादं तरी चुकून बरोबर यावं की नाही?

"तुझी मातीच तसली!" आत्याबाई कडाडल्या. "माझी सून चुकायची न्हाई!"

"व्हय? मंग तुझ्या परसात ही पांढरी कुठनं उगवली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुटपुटले, "अंदाजानं सांगितलं होतं…"

मामंजी हसता हसता ओट्यावरून घसरले. आमची सगळी पांढरी खुडून मावशींच्या पाटीत भरली, विहाराची आरास झाली.

तेव्हापासून "बोल की" असं मला कुणी म्हटलं नाही. उलट मी तोंड उघडलं, की आत्याबाई आधी विचारायच्या, "ठावं हाय, का नुसतं बोट ठिवतीयास?"