मीठ, हवा आणि काळी गाडी

पावसाळ्यात काळा रंग मारू नये हे मला कोणी शिकवायची गरज नाही. उरणच्या रस्त्यावर चाळीस वर्षं ट्रक रंगवले मी. शाळा तिसरीपर्यंत, पण रंगात मला कोणी हरवावं आणि मग बोलावं.

तरी यंदा भर पावसात मारला. कारण बाय. माझी मोठी बहीण, श्रीवर्धनला दिलेली. तिचा एक डोळा गेला आणि दुसराही जाणार असं डॉक्टरनं सांगितलं. भावोजी तिथं टॅक्सी चालवायचे, हरिहरेश्वरला माणसं न्यायची-आणायची. ते गेले, गाडी भंगारात गेली. बायनं फोन केला, "तू पत्र्याच्या लहान गाड्या करतोस ना? यांची काळी गाडी कर. तशीच चकचकीत."

"दिवाळीला देतो. आता हवेत पाणी हाय."

"दिवाळीला मला दिसंल का रे?"

मी पत्रा शोधायला उठलो.

पत्रा कापला, वाकवला. वीतभर गाडी. चार दरवाजांच्या रेघा टोच्यानं कोरल्या. अस्तर मारलं, पाणीपेपरनं गुळगुळीत घासलं, काळ्याचे चार पातळ हात दिले. पातळच द्यायचे. ट्रकासारखा जाड हात दिला की रेघा बुजतात आणि गाडीचा साबण होतो. इथवर सगळं झकास. वरून चमकीसाठी लॅकर मारला, आणि घटकाभरात गाडीवर दुधाची साय धरली. ओल्या हवेत लॅकर असाच पांढरा पडतो.

मुलगा बंदरात कामाला आहे. तो म्हणाला, "बाबा, लोखंडी पेटीत बल्ब लावा. पेटी गरम झाली, सुकी झाली की गाडी आत ठेवा."

साधी गोष्ट. पण सांगितली त्यानं, म्हणून माझं डोकं फिरलं. "मिठागरवाल्याच्या पोराला हवा शिकवतोस? मीठ पाणी ओढतं. तुझा आजा मिठावर जगला."

साय घासून काढली. मिठागराचं जाडं मीठ टोपात घालून चुलीवर कडकडीत भाजलं, सुकं व्हावं म्हणून. गाडीला नवा लॅकर मारला, गाडी पेटीत ठेवली, शेजारी तो गरम टोप, आणि झाकण लावलं. आतून आवाज आला. तड. तडतड. तड.

झाकण उघडेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मिठाचे कण उडून ओल्या लॅकरवर बसले होते. टपावर, बॉनेटवर, अंगभर पुरळ. तापलेलं मीठ तडतडतं हे मिठागरवाल्याच्या पोराला ठाऊक नव्हतं काय? होतं. माज होता.

बायको दारातून बघत होती. "अवो, मिरच्या न्हाय घातल्या? दृष्ट काढायचीच व्हती तर नीट काढायची."

मी टोप अंगणात फेकला.

सगळा रंग थिनरनं उतरवून पुन्हा पत्र्यापासून सुरुवात. अस्तर सुकेना, काळा सुकेना. तीन आठवडे गेले. मधे बायचा फोन, "टीव्हीवरच्या बायांची तोंडं आता कळत न्हाईत रे." फोन ठेवला आणि मुलाला न सांगता पेटीत बल्ब लावला. तो आला, पेटीच्या फटीतून उजेड बघितला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

लॅकर काचेसारखा बसला. आठ दिवस कडक होऊ दिला, बारीक पेपरनं पाण्यात घासला, पॉलिश मारलं. अशी चमक मी ट्रकालाही दिली नव्हती.

श्रीवर्धनला बायच्या हातात गाडी दिली. ती दारात उजेडाला गेली, मान वाकडी करून एका बाजूनं बघायला लागली.

"चमकतंय," म्हणाली. "वर काहीतरी चमकतंय. दरवाजे काढलेस का रे?"

"काढलेस का म्हणजे? चारी काढलेत! हँडलसुद्धा काढलेत!"

"ओरडतोस कशाला? आंधळी हाय, बहिरी न्हाय."

तीन आठवडे आधी दिली असती तर तिला रेघा दिसल्या असत्या. ते तीन आठवडे मी मिठात घातले. तिच्यावर कशाला ओरडलो? मुलावर कशाला? थोबाड फोडायचं तर माझंच.

मग तिनं गाडी मांडीवर घेतली आणि पदरानं टप पुसायला लागली, भावोजी पुसायचे तशी, जोर लावून. सुती, खरखरीत पदर. ताज्या पॉलिशवर एकेक ओरखडा उमटत होता आणि मला लख्ख दिसत होता. दुसऱ्या कोणाचा हात मी तिथल्या तिथे धरला असता.

तिला ओरखडे दिसत नव्हते. पुसू दिलं.